जातानाचं ‘या’

रविवारी दुपारी तीन ते सहा माझ्या घरात माणसं मरतात, हे आता आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. अशाच एका रविवारी मी एका व्यापाऱ्याला कोरड्या विहिरीत पाडलं होतं, त्याला वर काढताना माझे दोन खेळगडी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, आणि दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची नोकरी, त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांना सिस्टरच म्हणते. केस विस्कटलेले, डोळे लाल.

“नाईट करून झोपले होते मी,” त्या म्हणाल्या. “मरायचं तर जरा हळू मरा की.”

मी माफी मागितली आणि लगेच खेळ समजावून सांगायला लागलो. कुणी विचारलेलं नसताना समजावून सांगणं हा माझा जुना रोग आहे. म्हणालो, या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट चालवतो, तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी सांगतो की समोर अंधारा जिना आहे, ते सांगतात की आम्ही चढतो, आणि पायरी निसटली का नाही ते फासा ठरवतो. प्रत्येकाच्या माणसाचा एक कागद असतो, त्यावर त्याच्या जिवाचे आकडे. आकडे संपले की माणूस मेला. मग कागद फाडायचा.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् त्या विहिरीतल्याला कसं उचलताय तुम्ही?”

“दोर बांधून,” माझा दोस्त म्हणाला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, शहागंजात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

“पडलेल्याला असं ओढत असतात व्हय? मान धरा आधी. फळी घाला पाठीखाली.” असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. व्यापारी वाचला. सिस्टर पुढच्या रविवारीही आल्या.

आमचा खेळ भयाचा. सुरुवातीला मी त्यात बर्फ आणला होता, लांडगे आणले होते, काळ्या झग्यातला एक सरदार आणला होता. दोस्तानं विचारलं, बर्फात चप्पल चालते का? तिसरी खेळाडू म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, मूळची पिशोरची, आता एका कॉलेजात ग्रंथपाल. ती म्हणाली, बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये बघितलाय, मला भीती काय वाटणार? दोघांचंही खरं होतं. मग मी मुकाट्यानं गड उभा केला. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दौलताबाद दाखवून दाखवून गड मला तोंडपाठ होता, त्यातल्या काळोख्या वाटेसकट. गडावर एक जहागीरदार बसवला, तीनशे वर्षं न मेलेला, बोलायला अत्यंत अदबशीर, रक्तावर जगणारा. गडाखाली गाव. नियम तीन. त्या घरचं माणूस ‘या’ म्हणाल्याशिवाय जहागीरदाराला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. गावातलं एक जरी घर त्याला उघडलं, तरी तिथून सगळं गाव त्याचं, आणि तो आधी लेकरांपासून सुरुवात करतो. आणि उजाडताना गडाबाहेर सापडला, तर संपला.

सिस्टरांनी सुईण घेतली. आपलंच काम घेतलं म्हणा. पहिल्याच दिवशी मला बजावलं, “ही मेली की मी उठणार. दुसरी बाई मला जमायची नाय.” मी हो म्हणालो. तेव्हा त्यांच्या जाण्याला तयार होणं सोपं होतं.

पुढे ते अवघड होत गेलं, कारण सिस्टरांसारखं खेळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आम्ही तिघं त्या गावाकडे वाटेतला थांबा म्हणून बघायचो. सिस्टर विचारायच्या, पाणी कुठून भरतात? कुंभाराच्या सुनेला कितवा महिना? म्हाताऱ्याला दम लागतो, तर तो उताणा झोपतो का उशीला टेकून? मला एकाचंही उत्तर माहीत नसायचं. गाव मी केलेलं, आणि गावाची चौकशी त्या करणार. त्यांनी शंभर पानी वही केली आणि तीत घरं लिहिली, माणसं लिहिली. सुईणीच्या घरात हाताखाली एक पोरगी राहायला आणली. दोन वर्षांत त्यांच्या सुईणीनं त्या कागदी गावात अकरा बाळंतपणं केली. प्रत्येक वेळी फासा पडेपर्यंत आम्हाला बोलायची मुभा नसायची. एकदा दोस्त कळांच्या मधेच हसला, तर त्याला बाल्कनीत उभं केलं. चाळिशीला टेकलेला बाप्या गुमान उभा राहिला.

अडचण एकच होती. सिस्टर घाबरायच्या नाहीत.

त्यांचं माहेर पाचोडकडचं, धम्म घेतलेलं घर. वडिलांनी देव्हाऱ्याबरोबर भूत, करणी, भानामती सगळं एका फटक्यात घराबाहेर काढलेलं. गावात कुणाच्या घरावर भानामतीचे दगड पडतात असं उठलं, की वडील पोरांना घेऊन ते दगड बघायला जायचे आणि टाकणारा शोधून काढायचे. असल्या बाईपुढे माझा काय टिकाव लागणार? मी महिनाभर खपून एक प्रसंग बांधला होता. तिरडीवरचं प्रेत हळूहळू उठून बसतं. ग्रंथपालानं पाय वर घेतले. दोस्तानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं. सिस्टर म्हणाल्या, “नाडी बघते. किती आहे?”

“नाडी नाही,” मी शक्य तितक्या खोल आवाजात म्हणालो.

“डोळ्यात बॅटरी मारली तर?”

“त्या काळात बॅटरी नाही, सिस्टर.”

“मग दिवा धरते. बुबुळ हलतं का?”

“नाही.”

“मग मेलाय तो. निजवा त्याला. अन् तिरडी सैल बांधलीय, ती नीट बांधा.”

महिनाभराची मेहनत मातीत गेली. मी खरंच चिडलो होतो. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे, दिवसभर लोकांचे तयार तुकडे नाकारणं हेच माझं काम, त्यामुळे माझा तुकडा कुणी नाकारला की मला झोंबतं. मनाशी ठरवून टाकलं, या बाईला एकदा तरी घाबरवायचं. निदान एकदा तिच्या तोंडचं पाणी पळालेलं बघायचं.

कंपनीचीच सवय म्हणून आमच्या टेबलावर मी एक नियम केला होता. तोंडातून निघालं ते झालं. नाहीतर लोक आधी दरीत उडी मारतात आणि मग म्हणतात, मी नुसतं विचार करत होतो. आमच्याकडे दुरुस्ती नाही. दुसरा नियम, फासे सगळ्यांसमोर टाकायचे. त्यासाठी स्टीलचं ताट ठेवलेलं.

मे महिन्यातला रविवार होता, लाइट गेलेली, कूलर बंद. खेळात दिवेलागण झाली होती आणि जहागीरदार स्वतः सुईणीच्या दारात येऊन उभा राहिला. उंबऱ्याबाहेर. मी त्याला बोलायला लावलं, गोड, खानदानी. म्हणाला, गावातली नवी लेकरं कशी आहेत ते विचारायला आलो. सिस्टर आतून बोलत राहिल्या. अर्धा तास त्यांनी त्याला असा काही फिरवला की विचारू नका. त्याच्या तब्येतीची चौकशी केली, इतका पिवळा का पडलात म्हणून विचारलं, लोह कमी पडतंय म्हणाल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हणाल्या. पण आत बोलावलं नाही. मी हरलो. हरल्याचं मला वाईट वाटेना, इतकं ते बघण्यासारखं होतं. मी जहागीरदाराचे हात जोडले आणि म्हणालो, “बरंय तर. येतो.”

सिस्टर खारी घ्यायला बशीकडे वळल्या होत्या. वळता वळता म्हणाल्या, “या.”

हा सापळा मी लावला नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगतो. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि त्याला समोरचा ‘या’ म्हणतो. मी सवयीनं म्हणालो, त्या सवयीनं म्हणाल्या. पण घर सुईणीचं होतं, आणि शब्द तोच होता.

पहिल्यांदा ग्रंथपालाच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग माझ्या. मग सिस्टरांनी आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. खारी हातातच राहिली. दोन वर्षं जे बघायला मी तडफडत होतो ते समोर होतं, आणि मला ते बघवेना.

“हे काय आमंत्रण असतंय व्हय?” ग्रंथपाल माझ्यावर उसळली. “येतो म्हणलं की या म्हणायचंच असतं. उद्या कुणी शिंकलं तरी धरशील तू.”

“मियां, वो तो आदत है,” दोस्त म्हणाला. “दावत थोडी है. ऐसा नक्को कर रे.”

मी नियम मोडायला तयार होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “म्हणलं ना मी? मग झालं ते. नियम काय आमच्यापुरता आहे का?” खारी बशीत परत ठेवून त्या खाली निघून गेल्या. जाताना काहीच बोलल्या नाहीत.

तो आठवडा वाईट गेला. ग्रंथपाल रोज फोन करायची. तिचं म्हणणं साधं होतं. सुईण मेली की सिस्टर उठणार, आणि सिस्टर उठल्या की खेळ कसला राहतोय, मग तू बस तुझ्या जहागीरदाराशी बोलत. खोटं नव्हतं. मी पळवाटा शोधत होतो. नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळी खाली टाकीपाशी सिस्टर भेटल्या. मी म्हणालो, “सिस्टर, जातानाचं ‘या’ धरायचं नाही, असा नियम करून टाकू. मागच्या रविवारपासून लागू.”

“आधी मोटर बंद कर, वर टाकी वाहून चाललीय,” त्या म्हणाल्या. मी मोटर बंद केली. “अन् त्या नियमाचं काय ते रविवारी बघू.”

रविवारी त्या बरोबर तीनला आल्या. वही आणली नव्हती, नुसता सुईणीचा कागद. खेळ सुरू होताच पहिली गोष्ट सांगितली, “घरात माझ्याजवळ राहती ती पोरगी आहे ना, तिला कुंभाराकडं पाठवते. घरात मी एकटी.” मग चूल पेटवली. घोंगडी अंथरली. आणि खेळातल्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जहागीरदार त्या ‘या’वर परत आला, तेव्हा त्यांनी स्वतःहून दार उघडलं.

“या. बसा.”

तो बसला. मी त्याला बसवला, कारण एवढ्या मानानं बोलावल्यावर कोण उभा राहील? चार गोष्टी झाल्या. मग मी त्याला उठवला. गावात लेकरं होती, त्याला भूक होती. “येतो,” तो म्हणाला.

“बसा हो. आत्ता तर आलात.”

“नाही, निघायला हवं. येतो.”

“असं कसं? पहिल्यांदा घरी आलात अन् तसेच जाता? भाकरी टाकते.”

मी म्हणालो, “सिस्टर, तो उठून चालायला लागला.”

“कसा लागेल?” सिस्टर माझ्याकडे वळल्या. आता त्या सुईण नव्हत्या, वॉर्डातल्या सिस्टर होत्या. “माझ्या शब्दानं आत आला ना तो? येतो म्हणलं, अन् मी या म्हणलं, म्हणून. मग ‘येतो’ला ‘या’ म्हणल्याबिगर बाहेर कसा जाईल? मी तर म्हणत नाय.”

“असा काही नियम नाही.”

“मागच्या रविवारी तरी कुठं होता? तूच केलास.”

ग्रंथपालानं टेबलावर थाप मारली. दोस्त तर उठून उभाच राहिला. मी दहा वर्षं हा खेळ चालवतोय, आणि इतक्या सरळपणे माझे दात माझ्याच घशात कुणी घातले नव्हते. क्वालिटीवाल्याला तुकडा बरोबर आहे म्हणावंच लागलं. मी मान्य केलं. पण मला माझंही काम होतं. म्हणालो, “ठीक आहे. पण रात्रीचे चार प्रहर आहेत आणि तो भुकेला आहे. भुकेला राहिला तर भिंत फोडून जाईल.”

“पाहुण्याला उपाशी कोण ठेवतंय?” सिस्टर म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःची बाही सारली, कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी टपटप मारलं, शीर वर आणतात तसं, आणि हात टेबलावर माझ्यासमोर ठेवला. “हितून घ्या. घाई करू नका.”

कुणी हसलं नाही.

सुईणीच्या जिवाचे आकडे एकवीस. दर प्रहराला मी आठ बाजूंचा एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे वजा. पहिल्याला सहा गेले. जहागीरदार तोंड पुसून उठला, येतो म्हणाला, त्याला बसवलं. दुसऱ्याला चार. त्यानं पुन्हा विचारलं, सिस्टरांनी बाहेर किती अंधार आहे ते सांगितलं. तिसऱ्याला सात. तोवर मला कळून चुकलं होतं की आपण एखाद्या मोठ्या घरच्या कार्यात जेवायला बसलोय आणि पानावरून उठू देत नाहीयेत. माझा आवाज खरोखर रडवेला झाला होता. “इजाजत द्या बाई,” जहागीरदार म्हणाला, आणि सिस्टर म्हणाल्या, “लेकराबाळांचं काय चाललंय ते तर सांगितलंच नाय तुम्ही. कोण कोण असतं घरी?” तीनशे वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

चौथा प्रहर. चार आकडे उरलेले. तीन किंवा कमी पडले तर सुईण जगणार होती. मी फासा मुठीत धरून ठेवला. खरं सांगतो, मला तो टेबलाखाली टाकायचा होता आणि एक पडला म्हणून सांगायचं होतं. सिस्टरांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. “उघडा टाक.”

पाच पडले.

गोष्ट पुढे नेणं मला भाग होतं. म्हणालो, सुईण भिंतीला टेकली, आणि मिटली. तांबडं फुटायला अजून थोडा अवकाश आहे. जहागीरदार उठला, दाराशी गेला, आणि म्हणाला, येतो.

दोस्तानं मान वर केली. “आपा तो गई,” तो हळूच म्हणाला. सिस्टरांना तो आपा म्हणतो. “अब इसको ‘या’ बोलेगा कौन?”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घरातल्या पोरीला त्यांनी सुरुवातीलाच कुंभाराकडे पाठवलं होतं. त्या घरात ‘या’ म्हणणारं एकच तोंड त्यांनी ठेवलं होतं. आपण पहाट बघणार नाही हे धरूनच त्या तीनला वर आल्या होत्या. मी सूर्य उगवायला लावला. घोंगडीवर नुसता जरीचा अंगरखा उरला. अकरा घरांत लेकरं जागी झाली आणि रडायला लागली, म्हणजे जशी रोज रडतात तशी.

सिस्टरांनी सुईणीचा कागद स्वतः चार तुकडे करून ताटात ठेवला आणि उठल्या. ग्रंथपालाचे डोळे भरले होते, दोस्त तिला गाडीवर सोडायला गेला. सिस्टर स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. मी मागे गेलो. मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारताना लाज वाटत होती.

“मागच्या रविवारी घाबरला होतात ना?”

“व्हय. लई.”

“जहागीरदाराला?”

“ह्यॅ. भूत नसतंय.” त्यांनी नळ बंद केला. “आमच्या वॉर्डात ‘या’ म्हणत नसतात. बाई घरी निघाली की म्हणती, येते सिस्टर. आपण म्हणायचं, नीट जा, बाळाला जपा. दवाखान्यात परत या असं कुणाला म्हणायचं? मी नवीन होते तेव्हा. एकीचं बाळ गेलं होतं. तिसऱ्या दिवशी सोडलं तिला. बाळासाठी आणलेलं दुपटं घडी घालून काखेत. दारात थांबून म्हणाली, येते सिस्टर. मी लिहीत होते काहीतरी. मान वर न करता म्हणलं, या.”

मी ओट्यावरचं फडकं उचललं.

“मग वर बघितलं. ती तशीच उभी. बोलली काही नाय. नुसतं बघितलं माझ्याकडं अन् गेली.” कप त्यांनी पालथा घातला. “शब्दानं काही होत नसतंय, ते कळतंय मला. पण ऐकणारं माणूस असतंय ना. तीस वर्षं जीभ धरून ठेवली. घरी पाहुणे निघाले तरी म्हणत नाय, माझी नणंद अजून फुगून बसलीय. अन् हितं, खारी खाता खाता निघालं तोंडातून. इतकी सैल झाले मी तुमच्यात. म्हणलं, उद्या ड्युटीवर निघालं तर?”

दोन वर्षं मी या बाईसाठी प्रेतं उठवत होतो. मी नुसता ओट्याला टेकून उभा राहिलो. मनात आलं ते हेच की अशी माणसं आपल्या जिन्यात राहतात, आपल्याशी पाण्याच्या मोटरीवरून बोलतात, आणि आपण त्यांना घाबरवायला निघतो.

सिस्टरांनी पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन आपल्या खुर्चीपाशी थांबल्या.

“कोरा कागद आहे का?”

“कशाला?”

“कुंभाराच्या सुनेला परत सातवा लागलाय. गावात आता सुईण नाय. ती पोरगी शिकलीय थोडंफार, तिलाच घेते.”

“पण तुम्ही म्हणाला होता, ही मेली की उठणार.”

“उठले की,” सिस्टर म्हणाल्या. “आता बसते.”

मी प्रिंटरमधून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.